सरकारी जोर-बैठका

सरळ उभे राहा, पाय जुळवा आणि गुडघे न वाकवता हाताची बोटे जमिनीला टेकवून तीन सेकंद थांबा. हिसका देऊन नाही, सावकाश. जमलं? मग पाठीवर झोपा, हात मानेमागे घ्या, कोणाला तरी पाय दाबून धरायला सांगा आणि एकदा उठून बसा. आता तेच गुडघे दुमडून. मग पाय सरळ ठेवून टाचा जमिनीपासून वीतभर उचला आणि दहा आकडे मोजा. शेवटी पोटाखाली उशी घेऊन पालथे पडा. आधी छाती, मग पाय, दहा-दहा सेकंद अधांतरी धरा. झाली परीक्षा. सहा हालचाली, दीड-दोन मिनिटांचं काम. यातली एक जरी चुकली तरी नापास.

१९५०च्या सुमारास अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना या परीक्षेला बसवलं, तेव्हा शंभरातली जवळजवळ ५८ मुलं नापास झाली. ऑस्ट्रिया, इटली आणि स्वित्झर्लंडमधल्या मुलांनाही तीच परीक्षा दिली. तिथे शंभरात नऊही नापास झाली नाहीत.

हे आकडे १९५३च्या डिसेंबरात शारीरिक शिक्षणाच्या एका व्यावसायिक मासिकात छापून आले. असली मासिकं शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटाबाहेर सहसा पडत नाहीत. हे पडलं, आणि दीड वर्षात थेट राष्ट्राध्यक्षांच्या जेवणाच्या टेबलावर पोचलं. 'फिटनेस' नावाचं सरकारी खातं जगात अनेक देशांनी काढलं, पण एका तक्त्यामुळे इतकी मोठी सरकारी धावपळ झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

तक्ता करणारी माणसंही मजेदार. हान्स क्राउस हा हाडांचा डॉक्टर, नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर १९३८ साली अमेरिकेत आलेला. दवाखान्याबाहेर कातळकडे चढण्याचं त्याला वेड होतं. न्यूयॉर्कजवळच्या शावनगंक डोंगरातल्या अवघड वाटा त्याने पहिल्यांदा चढून काढल्या. सोन्या वेबर या सहकारी डॉक्टरबरोबर त्याने ही सहा हालचालींची चाचणी बसवली. बॉनी प्रडन ही त्याची कातळावरची जोडीदार. आपल्या मुलींच्या शाळेत व्यायामाच्या नावाखाली जे चालतं ते बघून वैतागली आणि तिने घराजवळच व्यायामाचे वर्ग सुरू केले. क्राउसची चाचणी तिने वर्गातल्या मुलांना लावली आणि मग दोघं मिळून हजारो मुलांचं मोजमाप करत अमेरिका-युरोप फिरले.

ही आकडेवारी फिलाडेल्फियाच्या जॉन केलीच्या हाती लागली. केली म्हणजे विटांच्या बांधकामातून श्रीमंत झालेला कंत्राटदार, १९२०च्या ऑलिंपिकमधला सुवर्णपदक विजेता नौकापटू, आणि नटी ग्रेस केलीचा बाप. त्याने ती आपल्या राज्याच्या सिनेटरकडे दिली आणि सिनेटरने राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरकडे. ११ जुलै १९५५ रोजी व्हाइट हाउसमध्ये जेवणाचं आमंत्रण निघालं. बेसबॉल आणि बास्केटबॉलचे नामवंत खेळाडू बसले होते, क्राउस आणि प्रडनने आकडे मांडले. नॉर्मंडीवर सैन्य उतरवलेला सेनापती ते ऐकून हादरला. महिन्याभरात 'स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड'ने राष्ट्राध्यक्षांना हादरवणाऱ्या अहवालाची मोठी बातमी केली आणि घराघरातून मुलं पायाचे अंगठे धरायला लागली.

हादरण्याचं कारण समजण्यासारखं आहे. युरोपातली ती मुलं युद्धात, रेशनवर वाढलेली. अमेरिकेतली दूध-मांसावर, मोटारीत बसून, शाळेच्या बसमधून ये-जा करत, नव्याने आलेल्या टीव्हीसमोर. कोरियातलं युद्ध थांबून दोनच वर्षं झालेली, समोर रशिया दंड थोपटून उभा. सुबत्तेनेच आपला घात केला की काय, हा प्रश्न पुढे अमेरिकेच्या डोक्यातून कधी गेलाच नाही.

पण चाचणी नेमकं काय मोजत होती? क्राउस आणि वेबर पाठदुखीच्या रुग्णांवर काम करत होते. कंबर आणि पाठ सांभाळायला स्नायूंत कमीत कमी किती ताकद आणि लवचीकपणा लागतो, एवढंच त्या सहा हालचालींतून कळतं. मूल किती पळेल, दम किती टिकेल, उडी किती मारेल, यातलं काहीच नाही. शिवाय अमेरिकी मुलं सर्वाधिक अडखळली ती पहिल्या हालचालीत, बोटं जमिनीला टेकवण्यात. तेव्हाच्या काही शारीरिक शिक्षकांनी हा मुद्दा काढलाही होता. पण ५८ विरुद्ध ९ हा आकडा इतका ठसठशीत होता की तो कशाचा, हे विचारायला कोणी थांबलं नाही.

आता जरा मागे जातो, कारण सरकारला प्रजेच्या दंडबैठकांची आठवण लढाईच्या धसक्यानेच होते, हे काही अमेरिकेने शोधून काढलेलं नाही. १८०६ साली येना इथे नेपोलियनने प्रशियाची धूळधाण उडवली. पाच वर्षांनी बर्लिनबाहेरच्या हाझेनहायडे मैदानात फ्रीडरिख लुडविग यान नावाच्या मास्तराने आडव्या दांड्या, लाकडी घोडे आणि चढायचे खांब उभारून तरुणांना कसरती शिकवायला सुरुवात केली. हेतू उघड होता, फ्रेंचांना हाकलायचं. फ्रेंच गेले. पण यानची पोरं एव्हाना जर्मनीचं एकीकरण आणि राज्यघटना वगैरे बोलू लागली होती. १८१९ साली यानला अटक झाली आणि त्याच्या कसरतींवर प्रशियाने बंदी घातली. ती उठायला १८४२ उजाडलं. सरकारला बळकट दंड हवे होते, ताठ मान नको होती.

इंग्लंडची हकिकत वेगळी आहे आणि मला ती सगळ्यात शहाणपणाची वाटते. १८९९ साली बोअर युद्ध सुरू झालं, कारखान्यांच्या गावांतून तरुण भरतीला आले आणि डॉक्टरांनी ते रांगा लावून परत पाठवले. खुजे, किडक्या दातांचे, छाती बसलेले. मेजर जनरल फ्रेडरिक मॉरिसने लिहिलं की भरती व्हायला येणाऱ्या दर पाचांतले दोनच दोन वर्षांनंतर सैनिक म्हणून कामाचे उरतात. साम्राज्याचं कसं होणार म्हणून वर्तमानपत्रं पेटली. इंग्रज वंशच खालावत चालला आहे, असंही बोललं जाऊ लागलं. सरकारने समिती नेमली. १९०४च्या अहवालात समितीने सांगितलं, वंश खालावल्याचा पुरावा नाही. ही पोरं उपाशी आहेत, कोंदट घरांत राहतात. त्यावर भर नुसत्या कसरतींवर राहिला नाही. १९०६ साली शाळेत गरीब मुलांना जेवण देण्याचा कायदा झाला आणि १९०७ साली शाळेत डॉक्टरी तपासणी सुरू झाली. कारण लष्करी, उपाय मात्र वरण-भाताचा. अमेरिकेनेही १९४६ साली शाळेतल्या जेवणाचा कायदा केला तेव्हा त्याच्या उद्देशातच राष्ट्रीय सुरक्षेचा उल्लेख होता. तोपर्यंत दुसऱ्या महायुद्धाच्या भरतीत लाखो अमेरिकी तरुण नाकारले गेले होते, आणि त्यांतल्या पुष्कळांची अडचण डोळे, दात आणि अर्धपोटी बालपण ही होती, दंड नव्हे.

१९५५ साली मात्र भूक हा प्रश्न उरलेला नव्हता, निदान व्हाइट हाउसच्या टेबलावर तरी नव्हता. सप्टेंबरात डेन्व्हरला मोठी बैठक घ्यायचं ठरलं. ती भरायच्या सुमारास, २४ सप्टेंबरला, खुद्द आयसेनहॉवरला डेन्व्हरमध्येच हृदयविकाराचा झटका आला. बैठक पुढे ढकलली. ती १९५६च्या जूनमध्ये ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत झाली आणि १६ जुलैला राष्ट्राध्यक्षांच्या सहीने युवक-तंदुरुस्तीची परिषद अस्तित्वात आली. अध्यक्षपदी उपराष्ट्राध्यक्ष निक्सन, सभासद मंत्रिमंडळातले. हाताशी पैसा बेताचा. अमेरिकेत शाळा राज्यांच्या आणि गावांच्या अखत्यारीत. वॉशिंग्टनला तिथे हुकूम सोडता येत नाही. त्यामुळे सरकारच्या हाती उरलं प्रोत्साहन, म्हणजे जाहिराती, पत्रकं आणि चाचणी.

नवी चाचणी आली ती सात प्रकारांची: पुल-अप, सिट-अप, दोन रेषांमधली धावपळ, उभ्याने लांब उडी, ५० यार्डांची धाव, ६०० यार्ड पळत-चालत, आणि सॉफ्टबॉल लांब फेकणे. चेंडूफेकीत अनेकांना हातबॉम्ब दिसला, आणि तसं वाटायला जागाही होती. क्राउसच्या सहा हालचालींमधून त्यात जवळजवळ काहीच उरलं नाही. ज्या आकड्यांनी धावपळ सुरू केली ते बाजूला पडले आणि धावपळ पुढे गेली.

या सगळ्याला वलय आणलं केनेडीने. राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर, शपथ घेण्याआधीच, १९६०च्या डिसेंबरात त्याने 'स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड'मध्ये अमेरिकन माणूस मऊ पडला आहे अशा मथळ्याचा लेख लिहिला. ओक्लाहोमाच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक बड विल्किन्सन सल्लागार झाला. कॅलिफोर्नियातल्या ला सिएरा हायस्कूलची कवायत देशभर दाखवली गेली. तिथे मुलाच्या चड्डीच्या रंगावरून त्याची पायरी कळे: पांढऱ्यापासून सुरुवात, मग लाल, निळी, असं चाचणी देत वर चढायचं. आपल्याकडच्या कोणत्याही पीटीच्या सरांना ही कल्पना ऐकून गहिवरून येईल. पांढऱ्या चड्डीतच अडकलेल्या पोराला काय वाटत असेल, हे कुठल्या माहितीपटात आलेलं नाही.

१९६२ साली शाळांमध्ये एक तबकडी पोचली. 'द म्युझिक मॅन' या संगीतिकेचा कर्ता मेरेडिथ विल्सन याचं गाणं, रॉबर्ट प्रेस्टनचा आवाज, आणि नाव 'चिकन फॅट', म्हणजे चक्क कोंबडीची चरबी. त्या तालावर मुलांनी अंगठे धरायचे, दंड काढायचे, जागच्या जागी धावायचं. आज साठी-सत्तरीत असलेल्या अमेरिकनांसमोर विषय काढलात तर ते गाणं पाठ म्हणून दाखवणारा भेटेल. सरकारी मोहिमेतलं लोकांच्या डोक्यात खरोखर राहिलं ते हेच.

आणि मग ती पायपीट. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने १९०८ साली मरीन दलाच्या अधिकाऱ्यांना ५० मैल चालून दाखवण्याचा हुकूम दिला होता. वेळ एकंदर वीस तास, तोही तीन दिवसांत वाटून. तो कागद केनेडीच्या हाती आला आणि त्याने आपल्या मरीन दलाच्या प्रमुखाला, जनरल शूपला, विचारलं की आजच्या अधिकाऱ्यांना हे जमेल का. प्रश्न अधिकाऱ्यांना होता. १९६३च्या फेब्रुवारीत बातमी फुटली आणि तो देशाने आपल्यालाच केलेला समजला. शाळेतली पोरं, बॉय स्काउट, कचेऱ्यांतले कारकून ऐन हिवाळ्यात ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर, चालायला निघाले. भाऊ रॉबर्ट केनेडी, त्या वेळचा ॲटर्नी जनरल, ९ फेब्रुवारीला पहाटे कालव्याकाठच्या वाटेने बर्फातून निघाला. पायात कातडी ऑक्सफर्ड बूट, ऑफिसात घालायचे. सोबतचे एकेक करून गळाले. तो अठरा तासांच्या आत पोचला. जाडजूड प्रसिद्धीप्रमुख पिएर सॅलिंजर यानेही चालावं अशी फर्माइश निघाली, तेव्हा त्याने जाहीर पत्रक काढून नम्र नकार दिला. डॉक्टर सांगू लागले की सवय नसताना असलं काही करू नका, आणि खुद्द तंदुरुस्ती परिषदेलाही लोकांना जरा दमाने घ्या म्हणावं लागलं. लाट दोन-तीन महिन्यांत ओसरली. मेरिलँडमधली एक ५० मैलांची शर्यत मात्र त्या वसंतात सुरू झाली ती आजही दरवर्षी होते.

या सगळ्यामागे एक गोष्ट चालू होती जी त्या वेळी बाहेर कोणाला ठाऊक नव्हती. देशाला धावायला लावणाऱ्या राष्ट्राध्यक्षाला वाकून बूट घालणं जड जात होतं. केनेडीची पाठ तरुणपणापासून दुखावलेली, शस्त्रक्रिया होऊन बिघडलेली. व्हाइट हाउसमध्ये तो बधिर करणाऱ्या इंजेक्शनांवर दिवस काढत होता. १९६१च्या ऑक्टोबरात त्याच्या डॉक्टरांनी एका माणसाला बोलावून घेतलं. तो माणूस हान्स क्राउस. क्राउसने इंजेक्शनांऐवजी व्यायाम सांगितला: ताणलेले स्नायू सैल करायचे, मग हळूहळू पोट-पाठीची ताकद वाढवायची, आठवड्यातून तीनदा, व्हाइट हाउसमधल्या छोट्या खोलीत. काही महिन्यांत केनेडीला स्पष्ट फरक पडला. म्हणजे जी चाचणी सरकारने कपाटात टाकली, तिच्यामागचा उपचार राष्ट्राध्यक्षाच्या अंगावर बंद दाराआड चालू होता आणि लागूही पडत होता. केनेडीने कमरेचा कडक पट्टा सोडावा अशी क्राउसची इच्छा होती. २२ नोव्हेंबर १९६३ला डॅलसच्या उघड्या मोटारीत गोळ्या लागल्या तेव्हा केनेडी तो पट्टा बांधूनच बसला होता.

पुढचा महत्त्वाचा टप्पा १९६६चा. केनेडीनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन्सनने राष्ट्राध्यक्षांचा तंदुरुस्ती पुरस्कार सुरू केला: सातही प्रकारांत पहिल्या १५ टक्क्यांत येणाऱ्यांना कापडी बिल्ला. नियमाचा अर्थ नीट पाहा. सातही प्रकारांत ८५ टक्के मुलांच्या पुढे असायला हवं. म्हणजे बिल्ला त्यालाच मिळणार जो आधीच वर्गातला सगळ्यात चपळ मुलगा आहे. स्थूल मुलीने वर्षभर धडपड करून ६०० यार्डांची वेळ मिनिटाने कमी केली तरी तिच्या हाती काही नाही. उलट आडव्या दांड्याला लटकताना सगळा वर्ग बघतोय, ही आठवण तेवढी जन्मभराची. अमेरिकन लेखकांच्या आठवणींत या चाचणीचा दिवस किती वेळा येतो, आणि बहुतेकदा कोणत्या सुरात येतो, यावरून तिचं फळ काय ते कळतं. कमी कामगिरीवालेही धरून ठेवावेत असे पुरस्कार यायला पुढची वीस वर्षं गेली. १९९०मध्ये आर्नोल्ड श्वार्झनेगर परिषदेचा अध्यक्ष झाला आणि राज्याराज्यांत फिरला. ओबामांच्या काळात, २०१२-१३मध्ये, तुलनेची जुनी चाचणी बंद होऊन मुलाच्या स्वतःच्या आरोग्याकडे बघणारी पद्धत आली. ३१ जुलै २०२५ला ट्रम्प यांनी जुनी चाचणी परत आणण्याच्या आदेशावर सही केली.

मधल्या काळात देशाचं काय झालं? १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या प्रौढांत लठ्ठपणाचं प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास होतं. २०१७-१८मध्ये ते ४२च्या वर गेलं. दोष चाचणीचा म्हणता येणार नाही. गोड पाण्याच्या बाटल्या, मोटारीशिवाय दूध आणता येऊ नये अशा वस्त्या आणि दिवसभराची खुर्ची यांच्याशी कुठली चाचणी झगडणार? पण चाचणी हा इलाज नव्हता एवढं तरी या आकड्यांतून निघतं. थर्मामीटर लावून ताप उतरत नाही.

तुलनेला जपान घ्या. १ नोव्हेंबर १९२८ला तिथल्या रेडिओवर पियानोच्या साथीने काही मिनिटांची कवायत सुरू झाली. निमित्त सम्राट हिरोहितोच्या राज्यारोहणाचं, पण पुढाकार टपालखात्याच्या विमा विभागाचा. कल्पना एका अमेरिकन विमा कंपनीच्या रेडिओ कार्यक्रमावरून उचललेली. विमेदार जास्त जगले तर दावे कमी भरावे लागतील, इतका रोकडा हिशेब. युद्धकाळात लष्कराने तिचा वापर शिस्तीसाठी करून घेतला, पराभवानंतर ती बंद पडली, आणि १९५१मध्ये नव्या हालचालींसह परत आली. तिच्यात नापास होता येत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत मुलं सकाळी मैदानात जमतात, आजी-आजोबांबरोबर हात-पाय हलवतात आणि कार्डावर शिक्का मारून घेतात. शिक्का हजेरीचा असतो.

आपल्याकडेही रोजची सवय आणि मोजमाप, हे दोन्ही प्रवाह आहेत. साताऱ्याजवळच्या औंध संस्थानात १९०९ साली गादीवर आलेले भवानराव पंतप्रतिनिधी आधी वर्षानुवर्षं युरोपातल्या सँडो या पहिलवानाची उपकरणं वापरत होते. ती सोडून त्यांनी सूर्यनमस्कार धरले, स्वतः रोज घातले, घरच्यांना घालायला लावले आणि मग संस्थानातल्या शाळांमध्ये सक्तीचे केले. १९३८ साली त्यांचं पुस्तक लंडनमध्ये इंग्रजीत निघालं. सक्ती ती सक्तीच, पण राजा आधी स्वतःच्या अंगणात घाम गाळतो आणि मग फर्मान काढतो, हा क्रम बघण्यासारखा आहे. मुंबई प्रांतात १९३७ साली काँग्रेसचं सरकार येताच लोणावळ्याच्या कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाची समिती नेमली गेली. तिच्यामागोमाग १९३८मध्ये कांदिवलीला शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली. शिकवणारा माणूस आधी घडवायचा, हा विचार इथे अमेरिकेच्या बिल्ल्यांहून जुना आहे.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीचा कल मात्र शिस्तीकडे आणि मोजमापाकडे झुकला. आझाद हिंद सेनेतले सावंतवाडीकडचे जनरल जगन्नाथराव भोसले यांनी १९५४मध्ये दिल्लीतल्या निर्वासित मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. फाळणीत घरदार गमावलेल्या पोरांना रांगेत उभं करून कवायत, गाणी, खेळ. त्यांना त्याची गरज होतीच. १९५९-६०मध्ये केंद्राने शारीरिक क्षमतेची देशव्यापी मोहीम काढली: धावा, उड्या मारा, फेका आणि ठरलेला आकडा गाठला की तारे मिळवा. अमेरिकेच्या चाचणीनंतर दोन-तीन वर्षांतच. चिनी युद्धानंतर, १९६५मध्ये, शिस्त योजना वगैरे एकत्र करून राष्ट्रीय तंदुरुस्ती दल केलं गेलं. २९ ऑगस्ट २०१९ला, ध्यानचंद यांच्या जन्मदिनी, फिट इंडिया मोहीम आली. तिच्या शालेय चाचणीत ५० मीटर धाव आहे, ६०० मीटर आहे, पुश-अप आहेत, आणि बसून पाय सरळ ठेवत बोटं किती पुढे जातात हेही मोजतात. सगळे आकडे मोबाइलच्या ॲपवर चढवायची सोय आहे. शाळांनी ते चढवलेही.

महाराष्ट्रात दहावीच्या गुणपत्रिकेवर शारीरिक शिक्षणाला गुण नसतात, श्रेणी असते. पुष्कळ शाळांना मैदान म्हणजे इमारतीमागची पार्किंगची जागा आहे. जानेवारी उजाडला की पीटीचा तास गणिताच्या सरांकडे जातो, आणि पालकसभेत त्याबद्दल तक्रार करणारा पालक मी अजून पाहिलेला नाही.